पोथीतील भाषा आणि ओठांवरील भाषा

एखादी भाषा जिवंत आहे किंवा नाही, हे कशावरून ठरवावे? तिच्या ग्रंथसंपत्तीवरून, राजमान्यतेवरून, की ती बोलणाऱ्यांच्या संख्येवरून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना हिब्रू आणि वेल्श या दोन भाषांचा इतिहास उद्बोधक ठरतो. हिब्रू ही ज्यू लोकांची प्राचीन धर्मभाषा. वेल्श ही ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या डोंगराळ देशाची भाषा. पहिली ग्रंथांत टिकली, पण घरातून नाहीशी झाली. दुसरी घरात टिकली, पण न्यायालयातून आणि शाळेतून हद्दपार झाली.

या दोन भाषांत काही आश्चर्यकारक साम्ये आहेत. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. वेल्शमध्ये आणि प्राचीन हिब्रूमध्ये ते बहुधा आरंभी येते. हिब्रूत ‘अल’ म्हणजे ‘वर’, ‘अलाय’ म्हणजे ‘माझ्यावर’ आणि ‘अलाव’ म्हणजे ‘त्याच्यावर’. वेल्शमध्ये याच अर्थाची ‘आर’, ‘आर्नाव’ आणि ‘आर्नो’ अशी रूपे आहेत. असली साम्ये पाहून सतराव्या शतकात काही विद्वानांनी वेल्श ही हिब्रूपासून निघाली, असा तर्क केला. परंतु तो खरा नव्हे. दोन, तीन, नऊ, दहा यांना हिब्रूत ‘श्तायिम’, ‘शालोश’, ‘तेशा’, ‘एसेर’ म्हणतात. वेल्शमध्ये मात्र ‘दाय’, ‘त्री’, ‘नाउ’, ‘देग’ म्हणतात. वेल्श अंक आपल्या कानांना ओळखीचे वाटतात, कारण ती भाषा मराठीप्रमाणेच भारत-युरोपीय कुळातील आहे. हिब्रू ही सेमिटिक कुळातील, अरबीची बहीण होय.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास हिब्रू लोकांच्या नित्य बोलण्यातून गेली. ज्यू लोक ज्या देशात गेले, तेथील भाषा बोलू लागले. कोकणातील बेने इस्राएल समाज घरी मराठी बोले आणि प्रार्थना मात्र हिब्रूत म्हणे. अशा रीतीने सुमारे सतराशे वर्षे हिब्रू पोथीत व प्रार्थनामंदिरात जपली गेली. परंतु मुलांना रागे भरण्यासाठी किंवा बाजारहाट करण्यासाठी ती सहसा कोणी वापरीत नसे.

रशियन साम्राज्यात १८५८ मध्ये जन्मलेले एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले. आपल्या घरात हिब्रूखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. १८८२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याच्या आईने एकदा रशियन अंगाईगीत गायिले, तेव्हा बेन-येहुदा संतापले, असे सांगतात. बालकाला बोलायला शिकवायचे, तर बाहुलीला आणि टॉवेललाही शब्द हवेत! ते बेन-येहुदांनी घडविले. शब्दकोशाला पूर्वी ‘सेफर मिलीम’, म्हणजे ‘शब्दांचे पुस्तक’ म्हणत. ‘मिला’ म्हणजे शब्द, त्यावरून त्यांनी ‘मिलोन’ हा सुटसुटीत शब्द बनविला. पवित्र भाषा व्यवहारात आणणे अनेक धर्मनिष्ठांना पाप वाटले. तरीही १८८६ पासून ज्यू वसाहतींतील शाळांमधून शिक्षक हिब्रूत शिकवू लागले. १९२२ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये इंग्रजी व अरबी यांच्याबरोबर हिब्रूला राजभाषेचा मान मिळाला. त्याच वर्षी बेन-येहुदा वारले. त्यांचा सतरा खंडांचा कोश १९५९ मध्ये पूर्ण झाला.

वेल्शची कथा निराळी आहे. १५३६ च्या कायद्याने वेल्सच्या न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी केलेले बायबलचे वेल्श भाषांतर प्रसिद्ध झाले आणि त्यामुळे भाषेला ग्रंथाचा आधार मिळाला. परंतु एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला, की तो त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असे, त्याला शिक्षा होई. इंग्रजीवाचून नोकरी नाही, या समजुतीने पुष्कळ आईबापांनाही हे योग्यच वाटे. १८९१ मध्ये वेल्समधील शंभरांतील सुमारे ५४ माणसे वेल्श बोलत. १९८१ मध्ये अवघी १९ बोलत.

ही घसरण थांबविण्याचे प्रयत्नही शाळेतूनच सुरू झाले. १९३९ मध्ये ॲबरिस्टविथ येथे वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली. तिच्यात केवळ सात मुले होती. १९६२ मध्ये साँडर्स लुईस यांनी भाषेच्या भवितव्यावर नभोवाणीवर केलेल्या भाषणाने तरुण जागे झाले. १९६७ व १९९३ मध्ये वेल्शसंबंधी कायदे झाले आणि २०११ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा लाभला. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपणास वेल्श बोलता येते, असे सांगितले.

पुढे या दोन भाषांची एका वर्गात गाठ पडली. इस्राएलमध्ये नवागतांना अल्पावधीत हिब्रू शिकविणाऱ्या वर्गांना ‘उल्पान’ म्हणतात. १९७० नंतरच्या दशकात वेल्समध्ये प्रौढांसाठी असेच वर्ग निघाले आणि वेल्श लोकांनी ते नावही उचलले.

दोघींना सारखेच यश का मिळाले नाही? नाना देशांतून आलेल्या ज्यू लोकांना एकमेकांशी बोलण्यासाठी एक भाषा हवीच होती. वेल्श माणसाला मात्र इंग्रजी येतेच. वेल्श बोलणे ही त्याची गरज नसून निवड आहे. १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. परंतु त्यांच्या नातवंडांची नित्याची भाषा हिब्रू झाली. ग्रंथ भाषेला जपतात, कायदे तिला मान देतात. पण तिचे आयुष्य मात्र मुलांच्या ओठांवर अवलंबून असते.

स्वाध्याय

१. हिब्रू ‘ग्रंथांत टिकली’ आणि वेल्श ‘घरात टिकली’, याचा अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. वेल्श भाषा हिब्रूपासून निघालेली नाही, हे कोणत्या पुराव्याने दाखविता येते?
३. ‘वेल्श बोलणे ही गरज नसून निवड आहे.’ तुमच्या घरातील भाषेविषयी असे म्हणता येईल काय? दहा ओळी लिहा.