पोहता येतं, मग जीवरक्षकाचं शिक्षण कशाला?

प्रश्न : माझा भाचा सिडनीत असतो. तिकडच्या उन्हाळ्यात काही रविवारी तो एका क्लबातर्फे लाल-पिवळी टोपी घालून किनाऱ्यावर पहारा करतो, तोही बिनपगारी. त्यासाठी त्याने रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली. आमच्या मालवणात दांडी, वायरीपासून देवबागपर्यंतची पोरं लहानपणापासून पाण्यातच असतात. त्यांना अशा शिक्षणाची गरज काय? आणि असा क्लब आपल्याकडे निघू शकेल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुमच्या शंकेत पोहणं आणि वाचवणं या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पोहणाऱ्याला फक्त स्वतःला सांभाळायचं असतं. वाचवणाऱ्याला, जिवाच्या भीतीने हाताला लागेल त्याला मिठी मारणारा माणूस सांभाळायचा असतो. बुडणारा मदतीला आलेल्याच्याच खांद्यावर चढू बघतो आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्याबरोबर खाली जातो. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा उतरला आणि तिघेही गेले, अशा बातम्या आपण वाचतो, त्या यामुळेच.

म्हणून शिक्षणाचा पहिला धडा पाण्यात न उतरता वाचवण्याचा असतो. आधी काठी किंवा वल्हं पुढे करायचं. ते पोचत नसेल तर दोर फेकायचा, नाहीतर काहीतरी तरंगणारं. बूच घट्ट लावलेला रिकामा कॅनही चालतो. तेही शक्य नसेल तर होडी न्यायची. स्वतः पोहत जाणं हा शेवटचा उपाय, आणि तेव्हाही सोबत तरंगणारी रेस्क्यू ट्यूब हवीच. ट्यूब पुढे करायची, बुडणाऱ्याला ती धरू द्यायची आणि आपण त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायचं. हे सरावाशिवाय जमत नाही, कारण ऐन वेळी मन सांगतं की झेप घे.

दुसरा धडा पाणी वाचण्याचा. लाटा फुटून किनाऱ्याकडे आलेलं पाणी परत समुद्रात जायला वाट शोधतं. वाळूच्या बुडीत दांड्यात कुठे खिंड असेल तर ते सगळं तिथून जोराने बाहेर पडतं. हाच रिप करंट. त्याचा वेग कधी कधी सेकंदाला २ मीटरच्याही पुढे जातो, म्हणजे त्याच्याविरुद्ध ऑलिंपिकचा जलतरणपटूही फार वेळ टिकणार नाही. त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. नवख्या पाहुण्याला तीच जागा सुरक्षित वाटते, आणि घात तिथेच होतो. रिप करंट माणसाला खाली ओढतो हा मात्र गैरसमज आहे. तो बाहेर नेतो, बुडवतो तो दम. सापडलेल्याने तरंगत राहावं, हात हलवून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडावं.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथली ओढ वेगळी. ती भरती-ओहोटीवर चालते. आपल्या मच्छीमारांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढे सहा तास ओहोटी, आणि तिच्या मध्यावर, म्हणजे दुपारी दोनच्या आगेमागे, खाडीतून बाहेर जाणारं पाणी सर्वांत जोरात धावतं. त्यातून उधाणाचे दिवस असले तर विचारायलाच नको. स्थानिक पोरांना हे अंगवळणी पडलेलं असतं, पाहुण्यांना नसतं. एप्रिल २०१७ मध्ये वायरी भूतनाथच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या सहलीतले ८ जण बुडाले. आपल्या पोरांना ठाऊक असलेलं पाहुण्यापर्यंत वेळेत पोचवायचं, हेच तर जीवरक्षकाचं मुख्य काम.

आता तुमच्या भाच्याच्या क्लबाकडे येऊ. सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावरचा क्लब १९०७ सालचा. तेव्हा एक स्वयंसेवक कमरेला पट्टा आणि दोर बांधून पोहत जायचा आणि बुडणाऱ्याला धरायचा. मग किनाऱ्यावरची मंडळी रापण ओढावी तसा तो दोर ओढून घ्यायची. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथेच मोठ्या लाटांनी सुमारे अडीचशे लोक आत ओढले गेले. क्लबचे बरेच सभासद नेमके किनाऱ्यावर होते, म्हणून पाचजण सोडून बाकीचे वाचले. आज ऑस्ट्रेलियात असे तीनशेहून अधिक क्लब आहेत. पण त्यामुळे तिथे सगळंच फुकट चालतं असं समजू नका. बऱ्याच किनाऱ्यांवर आठवडाभर पगारी जीवरक्षक असतात. स्वयंसेवक येतात ते मोसमात, गर्दीच्या शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना.

त्यांच्या मूळ परीक्षेला ब्राँझ मेडॅलियन म्हणतात. वयाची अट किमान १५ वर्षं. ४०० मीटर पोहणं ९ मिनिटांच्या आत, आणि २०० मीटर धावणं, २०० मीटर पोहणं, पुन्हा २०० मीटर धावणं ८ मिनिटांच्या आत. हे आपल्या पोरांना कठीण जाऊ नये. कस लागतो तो पहाऱ्याला. सकाळी आधी पाणी पाहायचं, रिप करंट टाळून दोन लाल-पिवळे झेंडे रोवायचे आणि लोकांना त्यांच्या मधेच पोहायला लावायचं. ओहोटीबरोबर वाळू आणि प्रवाह बदलले की झेंडेही हलवायचे. मग नजर पाण्यावर. ठरावीक वेळाने पहारेकरी बदलायचा, कारण लक्ष थकतं. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या पातळीवर असताना त्याला श्वासच पुरत नाही, तर ओरडणार कुठून? मान मागे टाकलेली, हात पाणी खाली दाबताहेत, पुढे सरकणं नाही, आवाज नाही. शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकालाही तो खेळतोय असं वाटू शकतं.

बाहेर काढल्यावरचा एक गैरसमज फार महागात पडतो. पोट दाबून, पालथं घालून किंवा उलटं धरून पाणी काढायचा प्रयत्न करू नये. त्याने बहुधा पोटातलं पाणी येतं, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मोलाची मिनिटं वाया जातात. मेंदूला कमी पडलेला असतो प्राणवायू. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल तर शिकलेल्याने आधी तोंडाने ५ श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. दुसऱ्याने तोवर ११२ ला फोन लावावा. कोणी दूर समुद्रात अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

आपल्याकडे क्लब निघू शकेल का? माझ्या मते नक्की निघू शकेल. रापणकर आहेत, स्कूबाचे मार्गदर्शक आहेत, चिवल्याच्या सागरी जलतरण स्पर्धेत उतरणारी मुलं आहेत. शिकवणाऱ्या संस्थाही लांब नाहीत. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आहे, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. मात्र पगारी जीवरक्षकाची जागा स्वयंसेवकांनी भरून काढावी, अशी अपेक्षा कोणी धरू नये. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक ठेवले आहेत. रोजच्या पहाऱ्याला ते हवेतच. क्लबाने दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची गर्दी सांभाळावी.

सुरुवात पावसाळ्यातच करता येईल. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद असतात, मच्छीमारीलाही जून-जुलैत बंदी असते, त्यामुळे माणसं मोकळी सापडतात. छातीवरचे दाब पुतळ्यावर शिकता येतात. आणि नेमक्या जागी दोर फेकण्याचा सराव शाळेच्या मैदानावरही होतो.