मराठी शब्दयोगी अव्यये आणि इंग्रजी प्रिपोझिशन

उद्दिष्ट : या पाठाच्या अभ्यासानंतर मराठी प्रत्ययामागील संबंध ओळखून तुम्हांला योग्य इंग्रजी प्रिपोझिशन निवडता येईल.

1. स्थानभेद

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढे मराठी व्याकरणात प्रिपोझिशनचे कार्य प्रामुख्याने शब्दयोगी अव्ययांकडे व विभक्तिप्रत्ययांकडे असल्याचे मानले गेले. मात्र दोन्ही भाषांत स्थान भिन्न आहे. मराठीत नामाचे सामान्यरूप होऊन अव्यय त्याला मागून जोडले जाते : पोंभुर्णा – पोंभुर्ण्याजवळ. इंग्रजीत प्रिपोझिशन आधी व सुटे येते आणि नाम बदलत नाही : निअर पोंभुर्णा. चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील गोंडी भाषेतही प्रत्यय नामानंतरच येतात.

2. एक प्रत्यय, अनेक संबंध

‘बसने आलो’ आणि ‘कुऱ्हाडीने लाकूड फोडले’ या दोन्ही वाक्यांत ‘ने’ आहे. पहिल्यात प्रवासाचे साधन आहे, म्हणून ‘बाय’. दुसऱ्यात हातातील हत्यार आहे, म्हणून ‘विथ’. ‘चंद्रपूरला गेलो’ येथे ‘टू’ हवे. ‘आईला भेटलो’ येथे ‘मेट’ या क्रियापदानंतर प्रिपोझिशन लागतच नाही.

3. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’

‘सोमवारपासून’ हा आरंभबिंदू आहे. तेथे ‘सिन्स’ येते. ‘पाच वर्षांपासून’ हा कालावधी आहे. तेथे ‘फॉर’ येते. नोकरीच्या अर्जात अनुभव लिहिताना हा भेद विशेष जपावा.

‘वाचनालय 31 मार्चपर्यंत बंद राहील’ यात स्थिती सतत चालू राहते, म्हणून ‘टिल’. ‘अर्ज 31 मार्चपर्यंत सादर करा’ यात कृती त्या मुदतीच्या आत एकदाच पूर्ण करावयाची आहे; म्हणून ‘बाय’. ‘बाय’ म्हणजे ‘जवळ’ एवढेच पाठ केलेला वाचक इंग्रजी सूचनेतील ‘बाय 31 मार्च’ याचा अर्थ ‘31 मार्चच्या सुमारास’ असा लावील आणि त्याची मुदत हुकेल.

सारांश : प्रत्ययाचे शब्दशः भाषांतर करू नये. स्थळ, साधन, आरंभ, कालावधी, मुदत यांपैकी कोणता संबंध अभिप्रेत आहे, हे आधी ठरवावे.

स्वाध्याय : अधोरेखनासाठी दिलेल्या शब्दांकरिता योग्य प्रिपोझिशन सांगा.
(अ) मी 2019 पासून येथे राहतो. – ‘2019 पासून’
(आ) ती तीन महिन्यांपासून आजारी आहे. – ‘तीन महिन्यांपासून’
(इ) पुस्तक शनिवारपर्यंत परत करा. – ‘शनिवारपर्यंत’
(ई) त्याने चाकूने फळ कापले. – ‘चाकूने’

उत्तरे : (अ) सिन्स (आ) फॉर (इ) बाय (ई) विथ