गोवा : नद्यांनी घडविलेली भूमी

अरबी समुद्र आणि सह्याद्री यांच्या मध्ये वसलेल्या गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. सामान्यतः प्रवाशाच्या मनात या प्रदेशाची ओळख समुद्रकिनाऱ्यांमुळे ठसलेली असते. तथापि येथील शेती, वसाहती, दळणवळण आणि राजधान्यांचे स्थलांतर यांचा उलगडा करावयाचा असेल, तर त्याने समुद्राकडे पाठ फिरवून नद्यांच्या मुखांतून आत शिरले पाहिजे.

उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग या नद्या लागतात. त्यांपैकी मांडवी व जुवारी या दोहोंच्या खोऱ्यांनीच राज्याचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग व्यापला आहे. मांडवीचा उगम कर्नाटकातील खानापूर तालुक्यात, भीमगडच्या वनप्रदेशात होतो. तेथे आणि सत्तरी तालुक्यात ती म्हादई या नावाने ओळखली जाते. घाटातून सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणाऱ्या दूधसागराचे पाणी खांडेपार नदीवाटे हिलाच येऊन मिळते.

गोडे आणि खारे पाणी

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे येथे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणतात. घाटमाथ्यावर तो याहूनही अधिक पडतो. त्या काळात नद्या गोड्या पाण्याने दुथडी भरून वाहतात आणि समुद्राचे पाणी मुखाकडे रेटले जाते. पावसाळा सरताच हा क्रम उलटतो. प्रवाह क्षीण होतो, खारे पाणी हळूहळू आत सरकते, आणि मांडवीत भरतीचा प्रभाव सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. एकच नदी वर्षातून काही महिने गोडी व काही महिने खारी असते, हे येथील भूगोलाचे मर्म होय.

या मर्माची जाण गोव्याच्या शेतकऱ्याला फार प्राचीन काळापासून होती. खाजन जमिनी हा त्याचा पुरावा. भरतीच्या पातळीहून सखल असलेल्या या जमिनीभोवती माती व जांभ्या दगडाचे बांध घातलेले असतात आणि बांधात ‘मानस’ नावाचे दार बसविलेले असते. भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ते उघडते. पहिल्या पावसात जमिनीतील क्षार धुऊन जातात आणि ‘कोरगुट’ या खारटपणा सोसणाऱ्या भाताचे पीक घेतले जाते. बांधांची देखभाल पूर्वी गावकरी या ग्रामसंस्था करीत. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. अनेक ठिकाणी दुरुस्ती मागे पडली. आणि बांध एकदा फुटला की शेताचे खारफुटीत रूपांतर व्हावयास फार वर्षे लागत नाहीत.

नदीकाठची नगरे

कदंबांचे गोपकपट्टण जुवारीच्या तीरावर होते. १५१० मध्ये अल्बुकर्कने जिंकलेले नगर, म्हणजे आजचे जुने गोवे, मांडवीच्या तीरावर. रोगराईमुळे ते ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान नदीमुखाजवळील पणजीला मिळाला. पावसाळ्यात मात्र मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा जहाजांची वाट अडवी. अशा वेळी मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीतून मुरगाव बंदराकडे जाता येई. या तिन्ही जलमार्गांनी वेढल्यामुळे तिसवाडी तालुका जवळजवळ बेटच बनला आहे.

प्रवाशाने एक दिवस तरी फेरीबोटीसाठी राखून ठेवावा. रायबंदरहून चोडण बेटावर गेल्यास त्याच्या पश्चिम टोकाला, खारफुटीच्या वनात, १९८८ मध्ये स्थापन झालेले सलीम अली पक्षी अभयारण्य पाहावयास मिळते. फेरीबोटींचे महत्त्व केवळ सहलीपुरते नाही. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा दोन्ही तीरांमधील रहदारीचा भार पुन्हा याच बोटींना वाहावा लागला. नवा पूल १९९२ मध्ये आणि अटल सेतू २०१९ मध्ये खुला झाला.

पाण्याचा वाटा

म्हादईचे काही पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात वळविण्याच्या कर्नाटकाच्या योजनेमुळे दीर्घ वाद उद्भवला. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी देऊ केले. हा निर्णय मान्य न झाल्याने राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कर्नाटकाच्या बाजूस कोरडवाहू भागाची तहान आहे. गोव्याची चिंता निराळी आहे : वरून येणारे गोडे पाणी घटले, तर उन्हाळ्यात खारे पाणी अधिक आत शिरेल, आणि त्याचा उपद्रव शेतीला, विहिरींना व मासळीला होईल. नदीचे जे पाणी समुद्रास मिळते ते वाया जाते, असा समज सर्वत्र रूढ आहे. गोव्यात मात्र तेच पाणी समुद्राला त्याच्या मर्यादेत थोपवून धरीत असते.