डाग आणि चेहरा

व्यक्तिचित्र करताना कागदावर शाईचा थेंब पडला, की आपण काय करतो? बहुतेक जण कागद बदलतात. मीही तेच करीत आलो. सुटीत आजीला समोर बसवून मी सहा कागद असेच वाया घालविले. नाक-डोळे जागच्या जागी होते. पण त्यांत आजी नव्हती.

मग मी ग्रंथालयात रवींद्रनाथ टागोरांच्या चित्रांच्या प्रतिकृती पुन्हा पाहावयास घेतल्या. १८६१ साली जन्मलेले रवींद्रनाथ चित्रकलेकडे गंभीरपणे वळले ते साठी उलटल्यावर. कोणत्याही कलाशाळेत ते शिकले नव्हते. १९२४ साली ‘पूरबी’च्या हस्तलिखितात नको असलेले शब्द खोडताना ते त्या खोडलेल्या जागा रेषांनी जोडू लागले आणि त्यांतून आकार उमटले. १९३० साली पॅरिसच्या पिगाल गॅलरीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यांच्या शाईतल्या स्त्रीमुखांकडे पाहा. गडद पार्श्वभूमीतून लांबट चेहरा वर येतो, डोळे आपल्याकडे स्थिर पाहतात. ती कोण, हे आपण विचारीत नाही. तिचे मौन मात्र जाणवते.

मला यातून एक धडा मिळाला. वॉटरप्रूफ शाई वाळली की पाण्याने निघत नाही. जलरंग ओल्या कुंचल्याने थोडाफार उचलता येतो. म्हणून शाईत चूक पुसण्याचा विचारच सोडावा. आधी डोळे किलकिले करून छाया पाहावी. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा भाग, हनुवटीखालचा अंधार हे सारे एकाच पातळ हाताने ओले असतानाच जोडून घ्यावे. उजेडासाठी कोरा कागद राखावा. रेषा अगदी शेवटी आणि मोजकी. थेंब पडलाच, तर तो चेहऱ्यात कोठे बसतो ते पाहावे.

सातव्या कागदावर डाव्या डोळ्याखाली थेंब पडला आणि ओल्या कागदावर पसरत गेला. या वेळी मी हात आवरला. गालाची खळगी आपोआप झाली. चित्र वाळल्यावर आजीला दाखविले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “अरे, ही मी कुठली? ही तर माझी आई.”

पणजीला मी कधी पाहिलेले नाही. साम्य म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यापुढे उभा आहे. मित्रहो, तुमचा पुढचा बिघडलेला कागद फाडू नका. आणखी थोडा वेळ त्याच्यासमोर बसा.