ठाणे खाडीतील किनारपक्षी : अभयारण्याची सीमा आणि भरतीची वेळ

ठाणे खाडी म्हटली की रोहित अर्थात फ्लेमिंगो पक्ष्यांचे गुलाबी थवे डोळ्यांसमोर येतात. तथापि, याच खाडीच्या चिखलपट्ट्यांवर साधारणतः सप्टेंबर ते एप्रिल या काळात हजारो लहानमोठे किनारपक्षी वास्तव्यास असतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. महाराष्ट्र शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केले. त्यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन असून उर्वरित जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतर हा मान मिळवणारे हे महाराष्ट्रातील तिसरे स्थळ ठरले. ही माहिती परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेच; परंतु पक्ष्याचा संपूर्ण दिवस या सीमेत सामावतो काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

चोच आणि चिखल

चिखल्या, तुतारी, टिलवा, पाणटिवळा, शेकाट्या, उचाट्या हे किनारपक्षी एका गणात मोडतात. रोहित पक्षी त्यांच्यासोबत दिसत असला, तरी त्याचा गण वेगळा आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात कृमी, लहान शिंपले, खेकडे व इतर सूक्ष्मजीव विपुल असतात. आखूड चोचीचा चिखल्या नजरेने भक्ष्य हेरून पृष्ठभागावरच टिपतो. लांब चोचीचा पाणटिवळा चिखलात खोलवर चाचपतो. तर उचाट्या आपली वर वळलेली चोच उथळ पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो. एकाच चिखलपट्टीवर अनेक जाती परस्परांशी फारशी स्पर्धा न करता पोट भरू शकतात, त्याचे कारण चोचींच्या या विविधतेत आहे. परिसंस्थेतील ‘कोनाडा’ या संकल्पनेचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच आढळेल.

भरतीचे गणित

किनारपक्ष्यांचा दिनक्रम सूर्यापेक्षा चंद्रावर अधिक अवलंबून असतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते व तिची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले असता भरती पूर्ण होण्याची स्थूल वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा आहे. त्यानुसार चतुर्थीला सुमारे तीन वाजता, तर अष्टमीला सुमारे सहा वाजता पूर्ण भरती असते. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. खाडीच्या आतील भागात ही वेळ काहीशी लांबते. पूर्ण ओहोटीच्या वेळी पक्षी दूरवर विखुरलेले असतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. म्हणून भरतीपूर्वीचे दोन तास निरीक्षणास सर्वाधिक अनुकूल ठरतात.

भरतीच्या वेळी पक्षी जातात कोठे?

चिखलपट्ट्या पाण्याखाली गेल्या की पक्ष्यांना विसाव्यासाठी उथळ पाण्याची, मोकळी व निर्धोक जागा लागते. दाट कांदळवनात हे पक्षी सहसा उतरत नाहीत. त्यामुळे भांडुपजवळील उथळ तलाव, नवी मुंबईतील सीवूड्स परिसरातील पाणथळ जागा, उरण तालुक्यातील पाणजे अशा ठिकाणी ते आश्रय घेतात. यांतील अनेक जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. भराव पडला किंवा भरतीचे पाणी आत येण्याचा मार्ग अडला, तर अभयारण्य कागदोपत्री अबाधित राहूनही पक्ष्यांचा अर्धा दिवस हिरावला जातो. या उपग्रह पाणथळ जागांनाही संरक्षण मिळावे, अशी शिफारस १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केली आहे.

दुसरी बाब कांदळवनांची. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु खाडीत गाळ साचून कांदळवन पुढे सरकते, तेव्हा उघडी चिखलपट्टी आक्रसते. म्हणजेच कांदळवनाचे क्षेत्र वाढले, एवढ्यावरून किनारपक्ष्यांचा अधिवास सुरक्षित झाला असा निष्कर्ष काढता येत नाही.

उड्डाणमार्गातील दुवा

ठाणे खाडी मध्य आशियाई उड्डाणमार्गावर आहे. हा मार्ग आर्क्टिक प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत ३० देशांतून जातो. येथे येणारा कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या टुंड्रा प्रदेशात वीण करतो. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ गटात झाली. परतीच्या प्रवासापूर्वी अशा पक्ष्यांना शरीरात चरबी साठवावी लागते. विसाव्याच्या जागेवरून वारंवार उडावे लागले, तर ही शिदोरी येथेच खर्ची पडते.

या मार्गावरील एखादे स्थानक बिघडल्यास काय घडते, हे राजस्थानात दिसून आले. जयपूरजवळील सांभर हे खाऱ्या पाण्याचे सरोवर १९९० पासून रामसर स्थळ आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे बोट्युलिझममुळे हजारो स्थलांतरित पक्षी मृत्युमुखी पडले व त्यांत किनारपक्ष्यांचाही समावेश होता. केवळ आंतरराष्ट्रीय दर्जा पुरेसा नसतो. पाण्याची स्थिती व पक्ष्यांचे आरोग्य यांवर सातत्याने लक्ष ठेवावे लागते.

समारोप

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८क नुसार पर्यावरणाचे रक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, तर ५१क (छ) नुसार ते प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियमही उपलब्ध आहेत. गरज आहे ती सीमारेषा आखताना पक्ष्यांच्या ओहोटीतील चराईबरोबर त्यांच्या भरतीतील विसाव्याचाही विचार करण्याची. विद्यार्थ्यांनी एकदा तिथी पाहून, दुर्बीण व नोंदवही घेऊन खाडीकाठी जावे आणि चढत्या पाण्याबरोबर थवे कोणत्या दिशेने उडतात, याची नोंद करावी. संरक्षणाची खरी सीमा कोठे असावी, याचे उत्तर त्या नोंदीतच सापडेल.