ससा रुसला की आजारी पडला?

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचा पांढरा ससा आहे. कालपासून त्याने तोंडाला काही लावलेलं नाही, कोपऱ्यात अंग चोरून बसतो. लेंड्या आधी बारीक झाल्या, आता बंदच. घरातले म्हणतात, रुसलाय, एक उपवास घडला की पोट सुटेल. शेजारच्या काकूंच्या मते पोटात केसांचा गोळा झालाय, हिंग-ओव्याचं पाणी पाजा. मागे तो स्वतःचीच लेंडी खाताना दिसला होता, त्याने तर पोट बिघडलं नसेल? घरी काय करता येईल?
— एक वाचक, पाटण

उत्तर : तुम्हाला फोनवर सांगितलं तेच आधी लिहितो : ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल तर डॉक्टर गाठायचा. घरची शुश्रूषा त्यानंतर.

आपल्याला लंघन मानवतं, म्हणून सशालाही मानवेल असं वाटणं साहजिक आहे. पण त्याचं पोट कधी रिकामं राहण्यासाठी घडलेलंच नाही. सशाला ओकता येत नाही, खाल्लेलं पुढेच जायला हवं. गवतातला चोथा आतड्याला सतत हलतं ठेवतो. चोथा थांबला की आतडं मंदावतं, आतला ऐवज सुकतो, वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं. हे चक्र दोन-तीन दिवस चाललं तर यकृतावर चरबी चढून ससा दगावतो. म्हणजे त्याचा रुसवा नाही, दुखणं आहे. त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकलंत तर दात करकरा खाण्याचा आवाजही येईल.

केसांच्या गोळ्याचं म्हणाल तर सशाच्या पोटात केस नेहमीच असतात. अंग चाटताना ते जातात आणि लेंडीवाटे निघतात. केस गळण्याच्या दिवसांत लेंड्या केसांत ओवलेल्या मण्यांसारख्या दिसतात. आतडं मंदावलं की तेच केस आणि चारा सुकून गोळा होतो. बहुतेक वेळा गोळा हा परिणाम असतो, कारण नव्हे. क्वचित खरोखरच मार्ग अडतो. तेव्हा पोट अचानक नगाऱ्यासारखं ताणतं. अशा वेळी तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना.

लेंडी खाण्याची काळजी मात्र सोडून द्या. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. आपण झाडतो त्या कोरड्या, गोल. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या इवल्या घडासारख्या. त्या तो बहुधा रात्री किंवा पहाटे थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर त्याला मोठी पिशवी असते. तिथल्या जिवाणूंनी आंबवलेल्या चाऱ्यातली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं अशी पुन्हा पोटात जातात. काळजी करायची ती या मऊ लेंड्या न खाता पडून राहिल्या तर.

मग बिघडलं कशाने? पाटणच्या पावसात मला पहिला संशय चाऱ्याचा येतो. कापलेलं ओलं गवत ढीग करून ठेवलं की आतून तापतं. हात घातलात तर ऊब लागते. असं आंबलेलं गवत किंवा बुरशी धरलेला पेंढा सशाला घालू नये. दुसरं कारण लाड : बिस्किट, चपाती, भात. गाजरही गोड खाऊच, तेवढ्यावर ससा पोसत नाही. तिसरं दात. ते आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. घास तोंडाशी नेऊन तो टाकून देत असेल तर डॉक्टरांना दाढा बघायला सांगा. आणि सशाला पाणी लागत नाही हा समज तर फारच घातक. दोन किलोचा ससा दिवसाला 100 ते 200 मिली पाणी सहज पितो. जड वाटीत ते कायम समोर हवं.

हिंग-ओवा नको, त्यात वेळ जातो. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या नकोत. सर्वांत धोक्याचं म्हणजे घरातलं उरलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन. तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून विषारी जिवाणू माजतात.

डॉक्टरांनी मार्ग मोकळा असल्याचं सांगून औषध दिलं की तुमचं काम सुरू. कान गार लागले तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. भिजवून लापशीसारखं केलेलं सशाचं खाद्य बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरा. त्याला पोटावर बसवूनच टॉवेलात धरा, उताणा कधीही नाही. पुढच्या दातांमागे बाजूला फट असते, तिथून अर्धा-एक मिली सोडा, चावून गिळू द्या, मग पुढचं. घाईत फुफ्फुसात गेलं तर जीव जातो. ताजी हरळी, कोथिंबीर समोर असू द्या आणि खोलीभर फिरू द्या, हालचालीने आतडं जागं होतं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचा राबता गाई-म्हशींचा. म्हणून ससा आहे हे आधीच सांगा. जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि जनावरांच्या उपचारांसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांकही आहे.

पहिल्या लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या येतील. त्या आल्या तरी तो आपणहून गवत खाईपर्यंत सिरिंज बंद करू नका. आणि पुढे रोज सकाळी पिंजरा झाडताना लेंड्यांकडे नीट बघून मगच त्या टाका.