खाजन : बांध, मानस आणि वाढता समुद्र

मांडवी आणि जुवारी या नद्यांत समुद्राची भरती कित्येक किलोमीटर आत शिरते. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या तालुक्यांतील नदीकाठची पुष्कळ शेते भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहेत. नदी आणि शेत यांच्यामध्ये असतो केवळ एक बांध. असा बांध घालून खाऱ्या दलदलीतून मिळवलेल्या जमिनीला खाजन म्हणतात. गोव्यात असे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर आहे. हवामानबदलाचा परिसंस्थेवर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी हे आपल्या अगदी जवळचे उदाहरण आहे.

रचना

खाजनाचे तीन आधार आहेत. पहिला बांध, दुसरा बांधाबाहेरची खारफुटी आणि तिसरा मानस. बांध चिखल, जांभा दगड आणि पेंढा यांचा. खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते. मानस म्हणजे बांधातील लाकडी दारांची मोरी. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात पहिल्या सरींनी जमिनीतील मीठ धुऊन गेले की कोरगुट हे खारेपण सोसणारे भात पेरतात. कापणीनंतर खारे पाणी आत घेतले की तण मरते आणि मासळी मिळते. भात, मासळी आणि पक्षी असे सारे या एका दारावर अवलंबून असते.

काय बदलते आहे

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. दरवाजाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे : नदीची पातळी उंच राहिली तर दारे उघडी राहण्याचा वेळ कमी होतो. त्यातच थोड्या वेळात फार पाऊस पडला तर पाण्याला बाहेर जायला वाट मिळत नाही आणि भात कुजते. उलट, पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर जमिनीतील मीठ वर येऊन कोवळी रोपे करपतात. बांध फुटला तर शेतात खारे पाणी साचून राहते आणि तेथे खारफुटी रुजते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे कठीण होते. म्हणजे बांधाबाहेर रक्षण करणारी तीच वनस्पती बांधाच्या आत शेतकऱ्यापुढे पेच उभा करते.

मात्र सगळा दोष समुद्राला देता येणार नाही. पूर्वी बांधांची देखभाल गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, करीत असे. कुळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. हा न्याय आवश्यकच होता. पण बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि अनेक ठिकाणी रोजची राखण सैल झाली. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो. अधिक मासळीसाठी दार अवेळी उघडे ठेवले की शेतात मीठ शिरते. दुर्लक्षित बांधाला वाढत्या समुद्राचा धक्का आधी बसतो.

उपाय

बांध उंच व भक्कम करणे, मानशींची दारे दुरुस्त ठेवणे, बांधाबाहेर खारफुटी राखणे ही कामे एकमेकांना पूरक आहेत. जुन्या गोव्यातील कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून खारेपण सोसणारे सुधारित वाण दिले आहेत; त्यांच्यासोबत मूळ बियाणेही शेतात टिकले पाहिजे. पण बांधावरचे खेकड्याचे बीळ वेळीच बुजवणारा माणूस नसेल तर यातले काहीच पुरे पडणार नाही. म्हणून मासळीच्या लिलावाच्या उत्पन्नातील ठरलेला वाटा बांधासाठी राखून ठेवावा आणि दार केव्हा उघडायचे हे शेतकरी व मासेमार यांनी एकत्र बसून ठरवावे.

स्वाध्याय

१. जवळच्या मानशीला भरती व ओहोटीच्या वेळी भेट द्या. दारांची हालचाल टिपून ठेवा.
२. गावातील वडीलधाऱ्यांकडून बांध, भात आणि मासळी यांविषयीचे शब्द अर्थासह नोंदवा. त्यांपैकी कोणते शब्द आज वापरात नाहीत आणि त्यांच्यासोबत कोणते काम थांबले, हे लिहा.